आबाची हाक आणि आउटरवाले

शिरूरच्या बाजारात भाजी घेताना अजूनही मला कुणीतरी थांबवतं. परवा मेथीची जुडी निवडत होते, तर कंपनीचा निळा शर्ट घातलेला, हातात हेल्मेट अडकवलेला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. जरा घुटमळला, मग म्हणाला, "मावशी, आउटरमध्ये पेटी वाजवायच्या त्या तुम्हीच ना?" मी वाजवायचे ती पेटी नव्हती, कीबोर्ड होता, पण या वयात कुणाकुणाला दुरुस्त करत बसायचं. हो म्हटलं. त्याच्या वडिलांच्या वरातीत म्हणे आमचं गाणं वाजलं होतं आणि त्याच्या फोनची रिंगही तीच आहे. एवढ्यावर माझा विश्वास बसणार नाही असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं भर बाजारात तोंडाशी हात धरून आबाची हाक दिली. आता टोमॅटोवाला दचकला ते ठीक. पण माझ्या समोरच्या भाजीवालीनं, जुड्यांवर पाणी मारता मारता, मान वर न करता, खालच्या आवाजात त्या हाकेला उत्तर दिलं. दोघांची काही ओळख नव्हती. मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी पिशवीत उगाच काहीतरी शोधत बसले.

हाक आबाची, म्हणजे माझ्या आजोबांची. उत्तर कुणाचं, ते ओघात येईल. आधी 'आउटर' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना ती एखादी जत्रेतली ऑर्केस्ट्रा पार्टी वाटते. आउटर हा आमचा बँड. आम्ही चौघं दौंडला रॉक वाजवायचो. मिलिंद गायचा, रॉबिन गिटार वाजवायचा, दिलीप ड्रमवर आणि मी कीबोर्डवर. गिटार कानठळ्या बसवणारी, ड्रम छातीत वाजणारे, पण गाण्याला चाल मात्र अशी की एकदा ऐकली की भांडी घासतानाही तोंडात यावी. माझ्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "ठणाणा लई हाय, पण आत गाणं हाय." आमच्या संगीताचं याहून नेमकं वर्णन पुढे कुणाला जमलं नाही.

आमचं घर भीमेकाठी, वडगाव रासाईला. आम्ही धनगर. आबांचा जन्म मेंढरांमागे चालत्या बिऱ्हाडावर झाला, माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, तसाच. आप्पांनी मात्र लहानपणीच मनाशी ठरवलं होतं की आपण एका जागी राहायचं. ते उशिरा शाळेत बसले, नंतर जमीन बागायत केली, ऊस लावला, घरावर स्लॅब टाकला आणि गावच्या यात्रा कमिटीत खुर्ची मिळवली. कडक इस्त्रीची टोपी घातल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आबा घराच्या मागच्या पडवीत राहायचे, आणि आप्पांच्या नाकावर टिच्चून त्यांनी एक लहानसा कळप अजून ठेवला होता. रोज दिवस कलताना आबा बांधावर उभे राहून हाक द्यायचे. "हिर्रर्र, योऽऽ". सुरुवातीला जीभ टाळ्यावर फिरायची आणि मग आवाज उंच चढून तिथेच थांबायचा, खाली यायचा नाही. ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करायची आणि निघायची. आप्पा त्या वेळी नेमके आत जाऊन रेडिओ मोठा करायचे.

आबांचा एक नियम होता. मेंढरं वाघरात, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, येऊन बसल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. नुसती आलेली चालत नसत, बसलेली हवीत. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचे, "बसली" म्हणायचे आणि मगच हात धुवायचे. आईनं वाढलेलं कोरड्यास तोवर थंडगार झालेलं असायचं. आप्पांना या नियमाचा भयंकर राग होता. लहानपणी कित्येकदा मेंढरं बसायची वाट बघत आपण उपाशीच झोपलो, हे त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. आमच्या घरात म्हणूनच जेवण घड्याळावर असायचं, आणि आबांचं ताट वेगळं झाकून ठेवलेलं.

बारावीनंतर मला कॉलेजसाठी दौंडला मामाकडे ठेवलं. मामा रेल्वेत पॉइंट्समन होता, यार्डात रूळ बदलायचं काम. त्याचं क्वार्टर यार्डाला इतकं लागून की शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळले की फळीवरचे डबे हलायचे. मामी त्या तालावर भाकरी थापायची. दोन धक्क्यांच्या मधे एक भाकरी तव्यावर, असं तिचं गणित बसलेलं होतं. कुळथाची शेंगोळी करावी तर तिनंच. तसली शेंगोळी मला नंतर कुठं मिळाली नाही आणि मला स्वतःला कधी जमली नाही. मामाचा स्वभाव गरीब, पण कामात देवाचंही ऐकणार नाही. सिग्नल पडला की पॉइंट मारायचा, आणि हुकूम रद्द करायचा असेल तर तो त्याच्या कानावर यायला हवा, असं तो घरातही बोलायचा. मामीनं एकदा सांगितलं की पाणी गेलं की नळ बंद करा, आणि मग पाणी गेलंच नाही, तर मामा नळापाशी उभाच. ही गोष्ट खरी आहे, मामीची शपथ.

शेजारच्या क्वार्टरमध्ये रॉबिन. त्याच्या घराण्यात आजोबांपासून सगळे इंजिन ड्रायव्हर आणि सगळेच गिटारवाले. पलीकडच्या वॉर्डातला मिलिंद त्याचा वर्गमित्र. मिलिंदचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. सगळा वॉर्ड त्यांना मास्तर म्हणायचा. मी पेटी शिकले ती त्यांच्याकडेच, बुद्धविहाराच्या ओट्यावर. मास्तरांची शिकवण एकच. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द कळला पाहिजे. मिलिंद कितीही जोरात गायला तरी त्याचा एकही शब्द कधी गिटारखाली गाडला गेला नाही, त्याचं कारण हे. दिलीप रांजणगावच्या एका कारखान्यात लागला होता आणि शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर दौंड गाठायचा. रॉबिनच्या मागच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. मी मुलगी म्हणून मामीनं घातलेली अट एवढीच की मामा सोबत बसेल. मामा बसायचा, पण नुसतं बसणं त्याला जमेना. मग आम्ही त्याला टेपरेकॉर्डर सांभाळायला दिला.

आमचं गाणं या शेडमध्ये झालं. दौंडला येणारी गाडी आउटर सिग्नलला थांबते हे सगळ्या भारताला माहीत असावं. गाव समोर दिसतं, घरचे दिवे ओळखू येतात, आणि गाडी काही हलत नाही. मी एकदा वडगावहून उलट फिरून पुण्यामार्गे येताना तशी अडकले होते, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या.

आउटरला उभी गाडी, दिसतो घरचा दिवा,
सिग्नल पडेना बाई, आन् घरी जायचं कवा.

मिलिंदनं त्यांना चाल लावली. रॉबिननं गिटारवर अशी एक सुरावट काढली की पहिल्या तीन सुरांतच माणसं ओरडायला लागायची. पण मधे काहीतरी कमी पडत होतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी रॉबिनचा टेपरेकॉर्डर नेला आणि बांधावर आबांची हाक टेप केली. आबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. फक्त मशीनमधून आवाज परत ऐकल्यावर ते म्हणाले, "माझ्यापरीस बरी दिली त्यानं." गाण्यात कडव्यांच्या मधे सगळी वाद्यं एकदम थांबायची, मी डावा हात वर करायचे, तो मामाचा सिग्नल. मामा बटण दाबायचा. शांततेत आबांची हाक चढायची आणि तिच्यावर रॉबिनची गिटार यायची. अंगावर काटा यायचा. मी वाजवत असूनही माझ्या अंगावर यायचा.

एकच अडचण होती. गाण्याला शेवट नव्हता. घराकडून हाक आली, गाडी निघाली, पुढे काय? मिलिंद म्हणायचा, गाडी घरात आणायची कशी तेच कळत नाही. रॉबिन ती सुरावट गोल गोल वाजवत राहायचा आणि आम्ही कुठंतरी थकून थांबायचो. कॅसेट काढली तेव्हा आवाज हळूहळू कमी करून वेळ मारून नेली. स्टेजवर ते करता येत नाही. एका ठिकाणी तर लाइट गेली म्हणून आम्ही सुटलो आणि सगळ्यात चांगला शेवट तोच झाला असं दिलीपचं मत पडलं.

ती कॅसेट दिलीपनं कंपनीच्या बसमध्ये लावली, आणि तिथून सगळं सुरू झालं. बसमध्ये कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी थेट बिहारचा. सगळेच कुठल्या ना कुठल्या आउटरला उभे. आठवड्याभरात प्रत्येक बसच्या ड्रायव्हरकडे कॅसेटची कॉपी होती. आमचा कार्यक्रम कुठंही असो, मोटारसायकलींची रांग यायची. स्वतःला ते आउटरवाले म्हणवून घ्यायचे. त्यांच्यातला एक बिहारी मुलगा दर वेळी पुढे येऊन मला सांगायचा, "दीदी, वो बुलानेवाला गाना पहले मत बजाना, रोना आता है." आणि पहिल्यापासून तेच गाणं मागायचा.

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. मी पेटी शिकते आणि कार्यक्रमात वाजवते, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. मग ते खताच्या कामाला दौंडला आले आणि स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसले. बशीत चहा ओतला, आणि वरच्या फळीवरून त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी हाक दिली. चहा मांडीवर काढून ठेवलेल्या टोपीच्या इस्त्रीवर सांडला, असं नंतर हॉटेलवाल्यानं सांगितलं. शेजारच्या बाकावरच्या पोरांनी सवयीनं ती हाक परत दिली. आप्पा तडक मामाच्या क्वार्टरवर आले. मामा ड्यूटीवर होता. हे लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. आप्पा माझ्यावर ओरडले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले आणि मामीनं दिलेल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिले.

"त्या हाकेमागं मी अनवाणी चाललोय," ते म्हणाले. "पावसात, चिखलात. शाळेत बसलो तर पोरं तीच हाक मारून मला चिडवायची. हे सगळं मागं टाकाया माझी हयात गेली, आन् तू ती हाटेलात लावलीस व्हय?"

मी ती हाक ऐकून मोठी झाले होते आणि मला ती जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटायची. तीच त्यांना लहानपणापासून टोचत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला त्याच दिवशी घरी नेलं असतं, पण तिथं एक पेच होता. गावच्या यात्रेला ठरलेल्या पार्टीनं ऐन वेळी नकार कळवला होता आणि रांजणगावला कामाला जाणाऱ्या गावच्या पोरांनी कमिटीत लावूनच धरलं होतं की आणायची तर आउटर आणा. कमिटीनं ठराव केला, त्यावर आप्पांची सही होती. आपण कुणाला आमंत्रण दिलंय हे त्यांना हॉटेलात, पोरांच्या तोंडून आउटरचं नाव ऐकल्यावर समजलं. शब्द तर फिरवता येत नव्हता.

"गाणं म्हणा, काय बी वाजवा," ते उठताना म्हणाले. "पण ती हाक माझ्या गावात वाजली, तर दुसऱ्या दिवशी तू घरी. कॉलेज बी बास आन् पेटी बी बास."

मी कबूल केलं. मिलिंदला सांगितलं, रॉबिनला, दिलीपला सांगितलं. तिघांनीही मान हलवली. गाणं हाकेशिवाय जरा उघडं पडेल, पण मी राहायला हवी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. मामाला मी सांगितलं असेल असं मामीला वाटलं. मामीनं सांगितलं असेल असं मला वाटलं. मामा पुढचा आठवडाभर रात्रपाळीला होता आणि यात्रेच्या दिवशी दुपारी धुतलेला शर्ट घालून, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, टेम्पोत पुढे बसला.

यात्रेचा मांडव गावाबाहेरच्या रिकाम्या रानात घातला होता. पुढे सतरंज्यांवर बायका आणि पोरं, मागे गावकरी, त्याच्याही मागे आउटरवाल्यांच्या मोटारसायकली. भज्यांच्या कढया, गुडीशेव, रेवड्या, पिपाण्या. दिवस नुकता मावळला होता. स्टेजच्या एका अंगाला कमिटीच्या खुर्च्या मांडलेल्या, पहिल्या खुर्चीवर आप्पा, समोर सूत्रसंचालनाचा माइक. कर्णे चारी दिशांना बांधलेले. त्या चार दिशांपैकी एका दिशेला, बांधापलीकडच्या पडीक रानात, वाघर लावून आबा कळप घेऊन बसले आहेत, हे कुणालाही माहीत नव्हतं. आप्पांनी त्यांना ओढ्यापलीकडे राहायला बजावलं होतं. पण नातीचं गाणं ऐकायचं म्हणून त्यांनी दुपारीच मेंढरं गुपचूप अलीकडे आणली होती.

कार्यक्रम झकास चालला. गावातल्या म्हाताऱ्या सुरुवातीला कानावर पदर घेऊन बसल्या होत्या, तिसऱ्या गाण्याला त्यांचे पदर खाली आले. आप्पा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, पण त्यांचं एक बोट ड्रमबरोबर हलताना मी पाहिलं. मग शेवटी आउटरचं गाणं. पहिल्या तीन सुरांना मागून आरडाओरडा उठला. मिलिंदनं कडवं असं म्हटलं की भज्यांच्या कढईपाशीही शब्द पोचला असेल. ठरल्याप्रमाणे वाद्यं थांबली. आम्ही दोन ठोके मोजून पुढे जाणार होतो. पण मागून आउटरवाले ओरडायला लागले, हाक, हाक. मला आप्पांची मान वळलेली दिसली. मी घाबरून त्या पोरांना गप्प करायला हात वर केला.

डावा हात. मामानं सिग्नल पाहिला आणि बटण दाबलं.

चार कर्ण्यांतून आबांचा आवाज गावावर चढला. इतका मोठा मी तो कधीच ऐकला नव्हता. आउटरवाल्यांनी आनंदानं आरोळी ठोकली, आणि तिच्या मागोमाग बांधापलीकडून दुसराच आवाज आला, खुरांचा. मेंढरांनी वाघर आडवं केलं होतं. हाक मालकाची, तीही आकाशातून आल्यासारखी, मग थांबतंय कोण. आबा नंतर म्हणाले, "मी हितं, आन् हाक तिकडं. त्यांनी तरी कुणाचं ऐकावं?" कळप मांडवाच्या बाजूनं आत घुसला. रेवड्यांची पाटी गेली, पिपाण्यांचा स्टँड गेला, सरपंच खुर्चीवर चढले. इथपर्यंत लोक हसत होते. मग माझ्या लक्षात आलं की मेंढरं कर्ण्याच्या, म्हणजे स्टेजच्या दिशेनं येताहेत आणि मधे सतरंजीवर लहान पोरं बसली आहेत. पुढचा मोठा मेंढा मान खाली घालून सरळ चालला होता. मिलिंद ओरडला, कुणाला ऐकू गेलं नाही. हाकेवर सवयीनं आलेली रॉबिनची गिटार एका सुरावर लांबत राहिली, त्याला हात उचलायचं भान नव्हतं.

तेव्हा माझ्या वडिलांनी माइक ओढला. "व्होऽऽ, व्हो. बस्स."

त्या आवाजाचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही. खोल, पोटातून आलेला, घाईचा लवलेश नसलेला. आबांची हाक जिथं वर थांबायची तिथून तो निघाला आणि पायरी पायरीनं उतरून जमिनीवर टेकला. रॉबिनच्या सुरावर तो बरोबर येऊन बसला. मेंढा सतरंजीच्या कडेला थांबला. त्याच्यामागची सगळी थांबली. आणि मग, भर मांडवात, पिपाण्यांच्या आणि रेवड्यांच्या मधे, एकेक करून ती खाली बसली.

एक लहान मुलगी शेजारच्या कोकराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. आप्पांच्या हातात माइक तसाच, टोपी तिरपी झालेली. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कुठं कळत होतं. धापा टाकत आबा आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी बसलेल्या कळपाकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"इसरला न्हाईस की रं," एवढंच म्हणाले.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते सगळ्या गावानं पाहिलं, कारण कमिटीनं स्टेजवर लाइट भरपूर लावले होते. मागच्या मोटारसायकलींमधून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग मांडव कोसळेल असा गजर झाला. मामा टेपरेकॉर्डर कवटाळून माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, काही चुकलं का. मी म्हटलं, हाक रद्द होती. त्यावर तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "मग मला कुणी कळवलं न्हाई ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीतले कपडे काढून परत कपाटात लावले, घरी राहायच्या तयारीनं. हाक वाजली होती, शब्द तो शब्द. आई चुलीवर आधण ठेवत होती. शेळीच्या दुधाचा चहा झाला. आप्पा मागच्या पडवीत गेले, आबांशी बराच वेळ काहीतरी बोलत बसले, कधी नव्हे ते. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले, टोपी न घालता.

"त्या तुमच्या टेपात नुसती बोलवायची हाक हाय," ते म्हणाले. "एवढी माणसं बोलावून ठेवायची, आन् बसवायची कुणी? आण ते मशीन. माझा आवाज घे."

मी बांधावर मशीन धरलं. आबा एका बाजूला काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. आप्पांनी तीन वेळा चुकवलं, चौथ्यांदा आबांनी मान हलवली. असा आमच्या गाण्याला शेवट मिळाला. गाडी घरात आली. मी दौंडला परत गेले, कॉलेज झालं, पुढे शिरूरला पोस्टात नोकरी लागली, आणि बरीच वर्षं आम्ही चौघं सुट्ट्या जुळवून वाजवत राहिलो. आप्पा मात्र पुन्हा एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. उसाला पाणी असायचं. दर वेळी मी घरी गेले की विचारायचे, "पोरं बसत्यात का?" कारण तोवर आउटरवाल्यांनी ती रीतच पाडली होती. आबांच्या हाकेला सगळे उभे राहतात आणि आप्पांच्या आवाजाला, असतील तिथं, जमिनीवर बसतात. हे कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी मांडवात जे होते त्यांनी मेंढरांचं पाहून केलं, आणि पुढच्यांनी त्यांचं पाहून.

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही आता वर्षातून एकदाच वाजवतो, रांजणगावच्या एका मैदानावर. मिलिंदचे केस गेलेत, आवाज नाही गेला. रॉबिन बसून वाजवतो. दिलीपला दोन गाण्यांनंतर पाणी लागतं. टेपरेकॉर्डरच्या जागी लॅपटॉप आला, पण त्यापुढे अजून मामाच बसतो, आणि मी डावा हात वर केल्याशिवाय बटणाला बोट लावत नाही. आता कार्यक्रमाआधी आम्ही त्याला सगळं दोनदा कळवतो.

यंदा आप्पा आले. मला न सांगता भाच्याच्या गाडीत बसून आले. वय झालंय, कानाला कमी येतं, पण टोपीची इस्त्री तीच. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं. शेवटच्या गाण्याला मी हात वर केला, आबांची हाक चढली, आणि मैदानभर माणसं उभी राहिली, पोरं, बाप, आज्या, कंपनीचे शर्ट, खांद्यावर झोपलेली बाळं. गाणं शेवटाला आलं. मी मामाला हात करणार, तेवढ्यात आप्पा खुर्चीतून उठायला लागले. मिलिंद खाली उतरला आणि त्यानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला. माझा हात सवयीनं वर गेला होता, तरी मामानं, आयुष्यात पहिल्यांदा, हुकूम रद्द झाल्याचं कुणी न कळवताही बटण दाबलं नाही.

आवाज कापरा होता, पण उतरला तसाच, पायरी पायरीनं. मैदान खाली बसलं. आप्पांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. कडेला दोघं-तिघं उभी होती, ती बसेपर्यंत थांबले. मग काठी टेकून माझ्याकडे वळले.

"बसली," म्हणाले. "चल सुले, आता भाकरी खाऊ."